जागा काढली

दरवर्षी गणपतीत, दुसऱ्या दिवशी रात्री, आरत्या आटपल्या आणि मोदक जरा जिरले की आमच्या सावर्ड्याच्या पडवीत एक वाक्य येतंच. काका सुपारी कातरता कातरता म्हणतात, "दादानं डोंबिवलीची जागा काढायला नको होती." मग काकू "जाऊ दे ना आता" म्हणतात, आई काहीतरी आणायला आत जाते आणि बाबा झोपाळ्याला पायानं एक झोका देतात. बस्स. हे गेली वीस-बावीस वर्षं चाललंय.

आधी भाषेबद्दल थोडं, कारण कोकणाबाहेरच्यांना हे पटकन कळत नाही. आमच्याकडे 'घर' गावाला असतं. मुंबईला असते ती 'जागा' किंवा 'खोली'. चाकरमान्यानं तिथे चाळीस वर्षं काढली, तिथेच त्याची पोरं मोठी झाली तरी ती जागाच. आणि जागा विकत नाहीत, 'काढतात'. घर विकलं म्हटलं की गावात चर्चा होते. जागा काढली म्हटलं की फक्त एवढंच विचारतात, "कितीला गेली?"

आमची गेली ४ लाख ४० हजारांना, ऑगस्ट २००२ मध्ये. घेतली होती ऑगस्ट १९९५ मध्ये, सव्वासहा लाखांना.

मी तेव्हा जेमतेम पाच वर्षांचा. त्यामुळे वन रूम किचनच्या गॅलरीतून दिसणारी लोकल सोडली तर मला त्या जागेतलं काहीही आठवत नाही. पण मुंबईत जागेचे भाव कधी पडत नाहीत, हे मीही तुमच्यासारखंच ऐकत मोठा झालो. मग बाबांचे कसे पडले? त्यामुळे काकांच्या वाक्याचा एकच अर्थ उरायचा, की बाबांना व्यवहार कळला नाही.

यंदा माळ्यावरची ट्रंक खाली काढली. गणपतीची समई शोधत होतो, सापडली जागेची फाईल. ॲग्रीमेंट, बँकेच्या हप्त्यांचा तक्ता, सोसायटीच्या पावत्या, आणि एक शंभर पानी वही. त्या वहीत बाबांनी जागा बघायला आलेल्या प्रत्येक माणसाची नोंद केली होती. तारीख, कोणामार्फत, काय भाव म्हणाला, आपण काय म्हटलं. आमच्या धंद्यात याला लॉग म्हणतात. आणि सर्व्हर कोसळल्यावर कोणाची चूक हे मीटिंगमध्ये ठरत नसतं, लॉग वाचून ठरतं. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे लवंडले होते तेव्हा मी तो वाचून काढला.

१९९७ मध्ये बाबांनी सात लाख मागितले होते. चौघे आले, एकही परत आला नाही. मार्च १९९८ मध्ये एकानं साडेपाच लाख देऊ केले. पुढे बाबांच्या टपोऱ्या अक्षरात, 'नको म्हटलं'. १९९९ मध्ये एक आला, पाच-दहा. 'नको म्हटलं.' २००० मध्ये अख्ख्या वर्षात दोन माणसं. २००१ च्या पानावर एकही नोंद नाही. आणि मग २००२, चार-चाळीस. त्यापुढे काहीच लिहिलेलं नाही.

म्हणजे भाव एका दिवशी पडला नव्हता. आधी माणसं कमी झाली होती. भाव पडतो तो नंतर, जेव्हा कोणाला तरी विकावंच लागतं तेव्हा. हे वाचताना मला दीडशे वर्षांपूर्वीची मुंबई आठवली. तुम्हाला विचित्र वाटेल, पण मुंबईत जमिनीचे भाव पडतात याचा सगळ्यात मोठा दाखला तिथलाच आहे. म्हणून आज जरा १८६५ सालात जाऊन येऊ. डोंबिवलीला परत यायचंच आहे.

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. उत्तरेनं दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना जाणारा कापूस अडला. त्या गिरण्यांचा बहुतांश कापूस अमेरिकेतून यायचा. आता जगात दुसरा कापूस कुठे? गुजरात, खानदेश, वऱ्हाड, धारवाड. आणि हा सगळा कापूस बाहेर पडणार तो मुंबई बंदरातून. युद्धाच्या त्या चारपाच वर्षांत मुंबईला नेहमीच्या भावापेक्षा वर जे पैसे मिळाले त्याचा जुन्या गॅझेटियरमधला आकडा आहे ८ कोटी १० लाख पौंड. गावाला लॉटरी लागावी तसं शहराला कापूस लागला.

एवढा पैसा आला की तो कुठे ठेवायचा हा प्रश्न येतो. गिरण्या हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या होत्या. मग पैसा गेला बँकांत, फायनान्स कंपन्यांत, आणि जमिनीत. पण मुंबईत जमीन होती कुठे? बेटावर माणसं मावत नव्हती. गोविंद नारायण माडगांवकरांचं 'मुंबईचें वर्णन' १८६३ मध्ये, म्हणजे याच तेजीत, छापलं गेलं. कापसाच्या पैशावर माणसांचा लोंढा येत होता, भाडी चढत होती. यावर त्या काळच्या हुशार लोकांनी उपाय काढला, की समुद्र बुजवू आणि तयार होणारी जमीन विकू.

कल्पना वाईट नव्हती, हे आधीच सांगतो. आज आपण ज्या मुंबईत फिरतो त्यातला बराच भाग असाच समुद्रातून काढलेला आहे. वाईट काय होतं, तर भराव पडायच्या आधीच जमिनीचे पैसे झाले. बॅक बे रेक्लमेशन कंपनीच्या ५,००० रुपये भरलेल्या शेअरवर २५,००० रुपयांहून जास्त प्रीमियम चढला. माल काय? तर मलबार हिलपासून कुलाब्याच्या बाजूला पसरलेलं पाणी, लाटांसकट. तिच्या जोडीला एल्फिन्स्टन, माझगाव, कुलाबा, फ्रियर अशा जमिनीच्या कंपन्या. शिवाय बंगालमधल्या पोर्ट कॅनिंगचे शेअर मुंबईत घेतले जात होते, ज्यांनी बंगाल जन्मात पाहिला नव्हता अशांकडून. जानेवारी १८६५ मध्ये शहरात ३१ बँका, १६ फायनान्स कंपन्या आणि ८ लँड कंपन्या होत्या. दहा वर्षांपूर्वी यातलं जवळजवळ काहीच नव्हतं.

आता यंत्र कसं चालायचं ते बघा, कारण गोम तिथे आहे. शेअरची पूर्ण रक्कम एकदम भरायची नसायची. थोडी आधी, बाकीची कंपनी 'कॉल' काढेल तेव्हा. शेअर हातात आला की तो बँकेत तारण ठेवून कर्ज मिळायचं, कारण १८६३ च्या नव्या कायद्यानं बँक ऑफ बॉम्बेवरचे जुने निर्बंध सैल झाले होते. त्या कर्जातून पुढचा शेअर. त्यावर आणखी वायदे. आज भाव ठरवायचा आणि पैसे द्यायचे पुढच्या तारखेला. सगळ्यात मोठ्या वायद्यांची तारीख होती १ जुलै १८६५. या सगळ्याच्या मध्यभागी प्रेमचंद रायचंद. कोणता शेअर कोणाला मिळणार हे त्यांच्या शब्दावर ठरायचं असं म्हणतात.

९ एप्रिल १८६५ ला जनरल ली शरण आला. बातमी मुंबईला पोचायला काही आठवडे लागले, पण पोचली. कापसाचा भाव घसरला. आणि ज्या ज्या माणसाकडे शेअर, वायदे, तारणं होती, त्या प्रत्येकाला एकाच आठवड्यात तेच सुचलं, की आता विकावं.

इथे लोक म्हणतात, 'आणि भाव कोसळले.' मला वाटतं, हे वाक्य घाईचं आहे. आधी गिऱ्हाईक नाहीसं झालं. मे-जूनमध्ये विकणारे सगळे होते, घेणारा कोणी नव्हता. भाव कागदावर होता, पण त्या भावाला हात लावायला माणूस नव्हता. मग १ जुलै उजाडला. शेकड्यांनी वायदे त्या दिवशी पिकले आणि देणाऱ्याकडे पैसे नाहीत, घेणाऱ्याकडेही नाहीत. ज्याला अमक्याकडून येणं होतं त्याचं देणं तमक्याला होतं, आणि अमका आधीच बसलेला. दिवाळखोरीची प्रकरणं एवढी झाली की त्यांच्यासाठी त्याच वर्षी वेगळा कायदा करावा लागला. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर २,८५० रुपयांवर गेला होता, तो ८७ रुपयांना विकायची वेळ आली. १८६८ मध्ये ती बँक बंदच झाली, आणि त्याच वर्षी त्याच नावाची नवी उघडली.

यात शहाणी माणसंही बुडाली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. डॉ. भाऊ दाजी लाड घ्या. नामांकित डॉक्टर, संस्कृतचे पंडित, शिलालेख वाचणारा माणूस. राणीच्या बागेतल्या म्युझियमला आज ज्यांचं नाव आहे ते. त्यांनाही या शेअर-वेडाचा जबर फटका बसला. जुन्या शिलालेखांतली अक्षरं लावणाऱ्या माणसाला बॅक बेचा कागद वाचता येत नव्हता, असं कोण म्हणेल? प्रेमचंद रायचंद स्वतः १८६६ मध्ये दिवाळखोर झाले. गंमत म्हणजे तेजीत, १८६४ मध्ये, त्यांनी युनिव्हर्सिटीला दिलेले पैसे वाचले, कारण ते देऊन टाकले होते. त्यातून उभा राहिलेला राजाबाई टॉवर पुढे १८७८ मध्ये पुरा झाला. त्यांच्या सगळ्या गुंतवणुकीत टिकलेली वास्तू ती.

शहराचं काय झालं त्याचा एक आकडा बघा. १८६४ च्या मोजणीत मुंबईची लोकसंख्या भरली होती ८,१६,५६२. १८७२ मध्ये ती निघाली ६,४४,४०५. मोजण्याच्या पद्धतीतला फरक सोडला तरी पाऊणेदोन लाखांच्या जवळपास माणसं कमी. म्हणजे पाचातला एक गेला. जमिनीच्या सगळ्या योजना 'मुंबईत माणूस वाढतच जाणार' या एका गृहीतावर उभ्या होत्या. ते गृहीत लांब पल्ल्यात बरोबर होतं! १८८१ मध्ये एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली सव्वा लाखाच्या वर माणसं मुंबईत मोजली गेली. पण १८६५ च्या जुलैत ज्याला पैसे भरायचे होते, त्याला १८८१ चा काय उपयोग?

ज्यांना थांबता आलं त्यांचं भलं झालं. सरकारचंच बघा. गव्हर्नर बार्टल फ्रियरनं किल्ल्याचे तट पाडले, मोकळ्या झालेल्या जागेचे प्लॉट तेजीत विकले, आणि एस्प्लनेडवरच्या मोठमोठ्या सरकारी इमारती त्यातून धरल्या. त्या बांधून झाल्या मंदी उलटल्यावर. पूर्व किनाऱ्यावरची एल्फिन्स्टन कंपनीची मिळकत १८७० मध्ये सरकारनं घेतली, ती १८७३ मध्ये नव्या पोर्ट ट्रस्टकडे गेली. बॅक बेच्या भरावावरून बीबीसीआय रेल्वे कुलाब्यापर्यंत गेली. चर्चगेटला उतरणाऱ्यांनी पुढच्या वेळी खाली बघावं. एकूण काय, जमीन खरी होती आणि मोलाचीही होती. फक्त तिच्या मूळ मालकांच्या हातात ती राहिली नाही.

असो. आता डोंबिवली.

लालबागची आजोबांची खोली पागडीची. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी १९४० च्या पातळीला बांधली गेली. त्यामुळे भाडं किरकोळ, आणि खोलीचा हक्कच विकाऊ माल झाला. घरमालकाचा हिस्सा देऊन ती खोली काढली, त्यातून २ लाख ७५ हजार आले. साडेतीन लाख कर्ज. व्याज १५ टक्के. हो, १५. आजच्या व्याजदरावर रडणाऱ्या माझ्या टीममधल्या पोरांना हा आकडा सांगितला तर ते हसतात. हप्ता बसला ४,९०० च्या आसपास.

आणि साल १९९५. नरिमन पॉइंटची ऑफिसं तेव्हा जगातल्या सगळ्यात महागड्या ऑफिसांच्या यादीत होती. परदेशी कंपन्या येणार, भाव वाढतच जाणार, असं सगळे म्हणत होते. तिथून पुढे सातआठ वर्षं मुंबईचे भाव आधी थबकले, मग घसरत राहिले, आणि २००२-०३ च्या सुमाराला तळाला गेले. तिथून फिरले ते असे, की २००५ मध्ये ज्युपिटर मिलची जमीन २७६ कोटींना आणि मुंबई टेक्स्टाइल मिलची ७०२ कोटींना गेली. लालबागपासून चालत जाण्याच्या अंतरावर. बाबा तेव्हा सावर्ड्यात आंब्याच्या कलमांना पाणी घालत होते.

मग १९९८ मध्ये साडेपाच लाख का नाकारले? या प्रश्नावर अमेरिकेत खरोखरच अभ्यास झालाय. डेव्हिड जेनेसोव्ह आणि ख्रिस्तोफर मायर या दोघांनी १९९० च्या दशकातल्या बॉस्टनमधल्या फ्लॅटविक्रीचे आकडे तपासले आणि २००१ मध्ये छापले. ज्यांनी चढ्या भावात घेतलं होतं आणि आता तोट्यात विकायची वेळ आली होती, ते शेजाऱ्यापेक्षा जास्त भाव लावायचे. सारखाच फ्लॅट, सारखाच बाजार, तरी जास्त. म्हणून त्यांचे फ्लॅट जास्त दिवस पडून राहायचे. गिऱ्हाइकाला तुमचा खरेदीभाव माहीत नसतो आणि त्याला त्याचं देणंघेणंही नसतं. तो आकडा फक्त विकणाऱ्याच्या डोक्यात असतो.

संध्याकाळी बाबांना पडवीत एकटं गाठलं आणि वही समोर ठेवली. मला वाटलं चिडतील. त्यांनी चष्मा लावला आणि पानं उलटली.

"मार्च अठ्ठ्याण्णवला का नाही दिलीत?"

"घेतलेल्या भावात तरी जावी असं वाटायचं."

"एजंट सांगत नव्हता का, भाव पडलेत म्हणून?"

"सांगायचा की. पण तो सांगायचा म्हणूनच खोटं वाटायचं. याला स्वस्तात लाटायचीय असं वाटायचं." मग थोडं थांबून म्हणाले, "आणि तिकडे लालबागला लोक विचारणार ना, खोली काढून काय मिळवलंस म्हणून."

२००१ मध्ये कंपनीनं मुंबईतलं युनिट बंद केलं. व्हीआरएसचे पैसे आले त्यातून चौदा महिने हप्ते गेले. पन्नाशीच्या माणसाला दुसरी नोकरी कोण देणार? व्याजाचे दर तोवर बाजारात खाली यायला लागले होते, पण जुन्या कर्जदाराचा दर आपोआप खाली येत नव्हता. मी एक्सेलमध्ये मांडून बघितलं. ऑगस्ट २००२ ला कर्ज शिल्लक होतं साधारण २ लाख ७३ हजार. म्हणजे सात वर्षांत चार लाखांच्या वर हप्ते भरून मुद्दल फिटलं होतं पाऊण लाख. चार-चाळीसमधून ते वजा जाता हातात १ लाख ६७ हजार.

तेव्हा १९९८ चा 'नको म्हटलं' ही बाबांची चूक होती, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं आणि त्यांनी मान्यही केलं. पण काका बोलतात ते २००२ बद्दल. २००२ मध्ये चूक कसली? ती त्यांची १ जुलै होती. आणखी तीन वर्षं थांबायला दर महिन्याला ४,९०० रुपये लागत होते, आणि ते नव्हते. बाजार वर जाणार हे त्यांना तेव्हा कोणी स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं असतं, तरी नव्हते.

"त्या एक सदुसष्टचं काय केलंत?"

बाबांनी वही उलटी केली. शेवटच्या पानावर मागून लिहिलेला हिशेब होता. या घराची कौलं आणि वासे, ५२ हजार. विहिरीला पंप. माझी शाळा. आजीचा मोतीबिंदू. आणि मध्येच एक ओळ, जानेवारी २००३, 'भाऊ, ठाण्याची जागा, ४०,०००'.

काकांनी ठाण्याची जागा घेतली तेव्हा भाव तळाला होते हे घरात सगळ्यांना माहीत आहे. तेही दर गणपतीत निघतं, जरा वेगळ्या सुरात. टोकनचे पैसे कुठून आले, हे कधी निघालेलं मी ऐकलं नाही.

"फेडले त्यानं," बाबा म्हणाले. "दोन वर्षांत. सगळे."

आतून आईनं हाक मारली, काका मागच्या अंगणात पाय धूत होते, आरतीची वेळ झाली होती. बाबांनी वही फाईलीत घातली, फाईल ट्रंकेत, वर डांबराच्या गोळ्या टाकल्या, आणि मला म्हणाले, "समई सापडली का?"